सत्तेचाळीस किलोमीटर

सगळ्यांना विचारतो तेच
युगेत त्रांब्ले यांनाही विचारलं:
रोज किती चालेल गाडी?
त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला.
जायला एकवीस, यायला एकवीस.
बेकरीवरून गेलं तर चव्वेचाळीस.

मग तर सोनंच, मी म्हटलं,
ही विजेवर सत्तेचाळीस जाते.
टाकीतलं पेट्रोल नुसतं असावं म्हणून.

म्हणजे दोन डगरींवर पाय, त्या म्हणाल्या.
हो, पण दोन्ही डगरी आपल्याच.
हे वाक्य मी वर्षातून चाळीसदा म्हणतो.

रंगाचं त्यांनी विचारलंच नाही.
मागची सीट पाडली, टेप लावून मोजलं:
घडीची चाकखुर्ची मावते का.
मावत होती.
तीन वर्षं वापरलेली गाडी, बंपरवर एक ओरखडा.
ओरखड्याचे दोनशे डॉलर कमी करून घेतले, आणि सही केली.

मे ते सप्टेंबर टाकी एकदाच भरली.
तसा फोन आला मला,
शाळेतून आलेली मुलगी मार्क सांगते, त्या आवाजात.

मग आमच्या शिकुतिमीची थंडी.
उणे अठराला बॅटरी आखडते, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांसारखी.
सत्तेचाळीसचे एकतीस. जानेवारीत सव्वीस.
त्यात हीटर लावला की इंजिन
न विचारता जागं होतं.
मी तक्रारीच्या फोनची वाट पाहत राहिलो.
आला नाही.

जूनमध्ये, काळ्या माश्यांच्या दिवसांत,
गाडी सर्व्हिसिंगला आली.
बर्त्रांने केबल जोडली आणि मला हाक मारली: हे बघ.
रोज दुपारी पूर्ण चार्ज करून निघतात,
सतरा किलोमीटर झाले की बटण दाबून
बॅटरी राखून ठेवतात.
उरलेले चार पेट्रोलवर.
येताना पुन्हा विजेवर.
रोज. बाहेर बावीस अंश असतानाही.

मी समजवायला गेलो:
मॅडम, ते बटण लांबच्या प्रवासासाठी.
तुम्ही उगाच पेट्रोल जाळताय.

त्यांनी कागदी कप दोन्ही हातांत धरला.
रोझेरने चौतीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवले,
शिबुगमोहून खाली, बर्फातून.
आता ला बेच्या शुश्रूषागृहात असतो.
उन्हाळाभर गाडी त्याच्या खिडकीखाली
मांजरीसारखी येऊन थांबायची.
मी आत जायचे, आणि तो विचारायचा,
आपण कोण?

डिसेंबरात पहिल्यांदा इंजिन चालू ठेवून पोचले.
बघते तर हा खिडकीशी उभा,
तावदानावर बोट ठोकत.
वर गेले तर म्हणाला,
दुसरा सिलिंडर अडखळतोय.
तेल कधी बदललंस?

बदललंस, म्हणाला मला.
आपण नाही.

मग कपाकडे बघत: महिन्याला तीसेक डॉलर जादा जातात.
जाऊ देत.

यावर विक्रेता काही बोलला नाही.
असं फार वेळा होत नाही.

बर्त्रां हात पुसत आला.
दुसऱ्या सिलिंडरची कॉइल खरंच कमजोर आहे.
गाडीने अजून कुठलाही दिवा लावलेला नाही,
पण आहे. बदलू?

मी त्यांच्याकडे बघितलं.
नव्या मॉडेलचं पत्रक त्यांच्या हातात होतं,
विजेवर नव्वद किलोमीटर, असं मोठ्या अक्षरात.
त्याने त्यांनी एक माशी मारली.

बदला, म्हणाल्या.
जुनी मात्र मला द्या. त्याला दाखवायचीय.

बर्त्रांने ती फडक्यात गुंडाळून दिली,
तेलाचे डाग राहू दिले.
पर्स बंद होईना, तशीच काखेत धरली.

गाडी फाटकातून गेली ती मला ऐकू आली नाही.
दिसली तेवढी, वळणापर्यंत.
मग घड्याळात बघून हिशेब करत बसलो
सतरावा किलोमीटर कुठे येईल याचा.